सुटलेली गोळी

प्रिय लोत्फी,

घरी सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे. पण मी इतकी वैतागले आहे की आज ती पाळवत नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि बाबा शेजारी कान टवकारून बसलेले असतात. म्हणून हा कागद.

बाबांनी रोजे धरले. कॅन्सर हाडांत उतरलेला, मॉर्फिनच्या गोळ्या चालू, आणि यांचे रोजे! आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे लहानपणी आपल्याला त्यांनीच शिकवलं ना? डॉक्टरीणबाईंनी हात जोडायचेच बाकी ठेवले. शेवटी मी इमामांना घरी आणलं. त्यांनीही गोडीगुलाबीने समजावलं. ते उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच बाबा म्हणाले, "त्याच्या सुंतेचं जेवण मी जेवलोय. हा मला धर्म शिकवणार?"

गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. ती पोटात हळूहळू विरघळते, म्हणून तोडायची नाही, चुरायची नाही, आणि एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. बाईंनी हे आम्हा दोघांकडून घोकून घेतलं होतं. मी म्हटलं, पहाटे जेवताना तरी घ्या. तर म्हणे, "पहाटे कुठे दुखतंय?" मग दिवसभर उशी मुठीत आवळून पडायचं, आणि मी विचारलं की, "काही नाही गं, तहान लागलीय."

मंगळवारी सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला, मी शोरबा वाढायला वळले, तेवढ्यात यांनी सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या. सुटलेली नमाज मागाहून भरून काढतात ना, तशी सुटलेली गोळी भरून काढली! वर मलाच ऐकवलं, "हिशेब चुकता केला." थोड्या वेळाने डोळे मिटले. मला वाटलं, दिवसभराचे उपाशी, पेंगले असतील. मग बघते तर ओठ निळे आणि श्वास येतोय की नाही तेच कळेना. लोत्फी, मी इतकी जोरात किंचाळले की अख्खी गल्ली जेवण टाकून धावली. इस्पितळात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. शुद्ध आली, आणि तिच्याबरोबर दुखणंही सगळंच्या सगळं परत आलं. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

आता गोळ्या माझ्या कपाटात, कुलपात. तेही करावंच लागलं, कारण मब्रूकाखालाची दाढ ठणकते म्हणून बाबा मिठाईच्या ताटलीत एक गोळी ठेवून शेजारी पाठवायला निघाले होते. औदार्य बघ! पण स्वतः मात्र घरी आल्यापासून एकही घेत नाहीत. बाईंनी रोजे सोडायला लावले, तर म्हणतात, "ईदनंतर बघू." रोजा नुसता बहाणा होता, हे मला तेव्हा कळलं.

तुझा दोस्त मुराद असल्याच गोळ्यांपायी गेला, त्याचं दुःख मला आहे. पण तो रस्त्यावरून मिळेल ती गोळी घ्यायचा आणि वर दारू प्यायचा. बाबांची गोळी बाईंनी मोजून-मापून दिलेली आहे, लक्ष ठेवायला मी आहे. आणि तू रमजानच्या आधी फोनवर त्यांना काय म्हणालास? "बाबा, इकडे लियों शहरात ही गोळी गर्दुल्ले खातात." विसरलाही असशील. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर, वेदनेने पिळवटत असताना, माझा हात धरून ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "लोत्फीला सांगू नकोस. त्याला वाटेल, बाप नशा करतो." डॉक्टरांचं, इमामांचं, माझं, कुणाचंच त्यांनी ऐकलं नाही, ऐकलं फक्त तुझं. तेव्हा शुक्रवारी फोन करशील तेव्हा हवापाणी विचारत बसू नकोस. लेकाच्या तोंडून त्यांना एवढंच ऐकू दे: "बाबा, गोळी घ्या."

तुझीच, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
वसीलाताई