सवाष्णीचे ओट्स

१ ऑक्टोबर, सोमवार
इरा आज पुन्हा उपाशी शाळेत. पोहे केले होते, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत. तिनं एक शेंगदाणा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि परत ठेवला. "भूक नहीं है, वैजूमावशी." प्रार्थनेला चक्कर आली म्हणून शाळेतून समीरला फोन. आठ वर्षांची पोर, मनगट बघवत नाही.

मी लग्न होऊन या घरात मे महिन्यात आले, तेव्हा इराची आई, रश्मी, जाऊन दीड वर्ष झालं होतं. दुपारचं, रात्रीचं इरा थोडं तरी चिवडते. सकाळचं मात्र नाही म्हणजे नाही. समीर म्हणतो, सकाळ तिच्या आईची होती. मग मी काय करू, सकाळ रद्द करू?

सासूबाईंचा नाशिकहून फोन. दिवाळीला येतायत. तोवर पोरीनं अंग धरलं नाही तर तिला नाशिकला नेणार, तिथल्याच शाळेत घालणार. समीर नुसतं बिल्कुल, बिल्कुल करत होता. मला कोणी विचारलं नाही. पण मला ती इथं हवी आहे. मोठ्यानं म्हणायची सोय नाही म्हणून इथं लिहिते.

२ ऑक्टो., मंगळ
सुट्टी. उद्या अविधवा नवमी. अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. मागच्या वर्षी सासूबाईंनी नाशिकला केलं, यंदा आमच्यावर. बी ब्लॉकमधल्या कुलकर्णीबाई यायला तयार. दिल्लीत पितृपक्षात मोकळी मराठी सवाष्ण मिळणं म्हणजे लॉटरीच.

करोल बागेत जाऊन साडी आणली, मोरपंखी. सवतीसाठी साडी निवडायची वेळ फार बायकांवर येत नसेल. दुकानदार म्हणाला, आप पर बहुत जँचेगी. हसू आलं, मग नाही आलं.

३ ऑक्टो., बुध
रजा टाकली. पुरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. साडेबाराला कुलकर्णीबाईंचा फोन, तापानं फणफणल्यात. पान वाढलेलं, उदबत्ती लागलेली. समीर दिल्लीतच वाढलेला, त्याला यातलं मराठी महिन्यांइतकंच ठाऊक. म्हणाला, "तू सवाष्णच आहेस की यार. बस तूच." मलाही भूक लागली होती. बसले.

त्यानं रश्मीचं नाव घेऊन पाणी सोडलं. ती साडी माझ्याच ओटीत. इरा शाळेतून आली ती दारातच थांबली. तिनं विचारलं, "आज तू आई आहेस?"

"जेवण होईपर्यंत," समीर म्हणाला.

जेवले. एरवी मला सकाळ-दुपार गोड चालत नाही, आज खीर दोनदा मागून घेतली. मग उठून भांडी घासायला लागले.

४ ऑक्टो., गुरु
इरानं खाल्लं!!

नीट लिहिते. ओट्स माझे, कोलेस्टेरॉलसाठी आणलेले. माझे ओट्स म्हणजे पाणी, मीठ, मिरची, औषधासारखे गिळायचे. आज पातेलं ठेवलं आणि भाजीतून उरलेला भोपळा दिसला. किसला. तुपावर परतला, ओट्स खमंग भाजले, दूध, गूळ. मग जायफळ. जायफळ मी या घरात कधी आणलेलं नाही. हात वॉटर फिल्टरच्या मागे गेला, तिथं एक छोटी डबी होती.

इरानं वाटी चाटूनपुसून साफ केली. बोलली काहीच नाही, दप्तर घेऊन गेली. मी ओट्याशी उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू, आनंदानं.

९ ऑक्टो., मंगळ
रोज खाते. काल सफरचंदाच्या फोडी तुपात, दालचिनी, वर ओट्स. आज शिंगाडे उकडून, कुस्करून, मिरपूड घालून. मी कोल्हापूरची, शिंगाडा उपासाच्या पिठाच्या रूपातच पाहिलेला. हे सुचतं कुठून? सुचतही नाही खरं तर. हात सुरू होतात, मी मागून बघते.

समीर खाली मान घालून खातो. आज चमचा ठेवून म्हणाला, "कुठून शिकलीस हे?" मी म्हटलं नेटवरून. नेट गेले आठ दिवस बंद आहे, त्यालाही माहीत आहे.

११ ऑक्टो., गुरु
काल भाजीवाल्याकडून रताळी घेतली, का ते माहीत नाही. सकाळी गॅसवर भाजली, सोलली, ओट्सच्या पिठात मळून थालीपिठं. तीळ वरून. इरा टेबलाशी येऊन वास घेऊन म्हणाली, "हां, आज गुरुवार. शकरकंदी." मराठीत रताळं म्हणतात हे तिला मी सांगितलं. "आई पण सांगायची," म्हणाली.

जिन्यात भाटिया आंटी भेटल्या. नाक वर करून हसल्या. "वही खुशबू आ रही है, रश्मि के टाइम वाली." मी चलो, ऑफिसला उशीर होतोय म्हणून सटकले. मेट्रोत बसल्यावर हाताचा वास घेतला. जायफळ. आज तर घातलंच नव्हतं.

२१ ऑक्टो., रवि
तांबडा रस्सा करायचा बेत. डोळे मिटून करते मी तो, बाबांचं सर्टिफिकेट आहे. आज मसाल्याचा डबा उघडून उभी राहिले. किती तिखट, आधी काय, मग काय, काही नाही. आईला फोन केला. ती हसली, म्हणाली दिल्लीनं तुझी जीभ बाटवली. तिनं सांगितलं तसं केलं. एक चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी. तिखट सोसेना. मला!

समीर म्हणाला, "रश्मीला पण तिखट बिल्कुल—" आणि पाणी आणायला उठला.

२६ ऑक्टो., शुक्र
सकाळी धूर दाटलाय, समोरचा टॉवर दिसत नाही. खालच्या पार्कातल्या पारिजातकाचा सडा कुणी झाडलेला नाही. बसची वेळ झाली तरी इरा आवरत नव्हती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "गुंडू, वाटी गार होतेय."

"आले गं," ती म्हणाली. सरळ येऊन बसली आणि खायला लागली.

गुंडू? मी तिला इरा म्हणते. कधी इरूबाई, चेष्टेत. समीरला विचारलं या घरात गुंडू कोण. तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "ते फक्त रश्मी म्हणायची." नाडी बांधून झाल्यावरही तसाच वाकून बसला.

भीती वाटते. साध्या शब्दांत, भीती वाटते.

२९ ऑक्टो., सोम
पण ती खातेय. गाल भरलेत. वर्गशिक्षिकेनं समीरला सांगितलं, मुलगी हसायला लागली आहे. काल तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. ते कुणाच्या मांडीवर ठेवलं, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलंय.

थोडी मी गेले तर गेले. काय असा ऐवज होता माझ्यात? एक तांबडा रस्सा आणि तोंडाळपणा.

३ नोव्हें., शनि
सासूबाई आल्या. इराला बघून डोळे भरले त्यांचे. सकाळी खजूर-तिळाचे ओट्स तिच्याबरोबर स्वतः खाल्ले, दोन वाट्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, पोरीला जिंकलंस गं. नाशिकचा विषय काढला नाही. मी फार सुखात आहे. हात मात्र गार पडतायत, दिवसभर.

६ नोव्हें., मंगळ
सगळं बाहेर आलं. फराळाचं करताना सासूबाईंनी सहज विचारलं, नवमीला कोण सवाष्ण होती. मी तोंड उघडायच्या आत इरा म्हणाली, "बाहेरचं कुणी नव्हतं आजी. त्या दिवशी वैजूमावशी आई होती."

सासूबाईंनी झारा खाली ठेवला. इराला भाटियांकडे खेळायला धाडलं. समीरला काही बोलल्या नाहीत, मलाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "घरचीला बसवत नाहीत गं. बाहेरची सवाष्ण जेवते, ओटी घेते, उंबरा ओलांडून आपल्या घरी जाते. तू जेवून कुठे गेलीस?"

मी म्हटलं, भांडी घासायला.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तिला बोलावलं आणि पाठवलंच नाही."

चकली तेलात करपली. कुणी काढली नाही.

८ नोव्हें., गुरु
काल लक्ष्मीपूजन झालं. आज पाडवा, समीरला ओवाळलं. हे मी लिहितेय ना? अक्षर माझंच आहे, तपासून पाहिलं.

सासूबाई म्हणतात, रविवारी पुन्हा बसायचं. तीच साडी, तेच पान, आणि या वेळी रीतसर निरोप. तसं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, हे त्यांनीच कबूल केलं. पण दुसरं त्यांना सुचत नाही.

मी विचारलं, मग सकाळी इरा खाईल? त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "नाही खाल्लं तर चौदाला माझ्याबरोबर येईल. रिझर्व्हेशन करून ठेवलंय." म्हणजे असं आहे तर. रश्मीला ठेवून घेतली तर पोर माझ्याजवळ, पण मी कुठे? हिला पाठवली तर मी मी, आणि पोर नाशिकला.

१० नोव्हें., शनि
समीरला म्हटलं, तू सांग. तुला कोण हवंय सकाळी स्वयंपाकघरात? घाणेरडा प्रश्न, माहीत आहे. तो म्हणाला, "मला विचारू नकोस यार." त्याचा मला राग येत नाही. पहिल्या दिवसापासून त्या वाटीत त्याला काय सापडत होतं, ते मला कळलंय. तोही रोज चाटूनपुसून खात होता.

आज ओट्स करताना मुद्दाम हात थांबवून धरले. दूध उतू जायला आलं. हात तरीही गुळाकडे. मग घाबरून ठरवलं, उद्या बसायचं.

११ नोव्हें., रवि
बसले. सासूबाईंनी वाढलं. पुरणाशेजारी भोपळ्याचे ओट्स, रश्मीला आवडायचे म्हणून. मोरपंखी साडी. हळदकुंकू, ओटी. मी सावकाश जेवले. शेवटच्या घासाला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं माझं नव्हतं. मी इराकडे बघत होते. बघणं संपत नव्हतं.

दाराशी आलो. आपल्यात जाणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. सासूबाई तिथंच अडल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "पोटभर जेवलीस ना रश्मी? पोरीची काळजी करू नकोस. सुखानं नीघ."

उंबरा ओलांडला. जिना उतरले. खाली दिवाळीनंतरचा तो धूर, गेटचा दिवा नुसता पिवळा डाग. ओटी पार्कातल्या पारिजातकाखाली ठेवायची ठरलं होतं, ठेवली. चालताना वाटत होतं माझी साडी कुणी धरलीय, चुरगळून, लहान मुलं धरतात तशी. परत निघाले तेव्हा तसं वाटत नव्हतं.

बेल वाजवली, पाहुण्यासारखी. इरानं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे जिन्यात पाहिलं. बराच वेळ दार धरून उभी होती.

संध्याकाळी हिरवी मिरची चावून बघितली. झकास लागली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१२ नोव्हें., सोम
सकाळी पातेल्यासमोर उभी. काही येईना. दूध किती, गूळ कधी, पत्ता नाही. डोक्याला ताण देऊन आठवत केले. गुठळ्या झाल्या, खाली लागले, जायफळ कडू होण्याइतकं पडलं. सासूबाई बघत होत्या, त्यांनी मदत केली नाही. बरोबरच आहे.

इरानं एक चमचा खाल्ला. "हे तू केलंस."

"हो," मी म्हटलं.

तिनं दुसरा खाल्ला. तिसरा. समीरचा श्वास मला ऐकू येत होता. खाली बस हॉर्न देत होती. मग चमच्यानं वाटीत मधोमध रेघ ओढली, अलीकडचे ओट्स संपवले आणि विचारलं, "मग आई आता कुठे खाणार?"

तिनं उरलेली वाटी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली, चमचा उजव्या हाताला लागेल असा, आणि दप्तर घेऊन गेली.

आज ऑफिसला गेले नाही. दुपार झालीय. सासूबाई दोनदा टेबलापर्यंत जाऊन आल्या. वाटी अजून तिथंच आहे. ती उचलायची कुणी, हे आम्ही एकमेकींना विचारलेलं नाही.