आजारी मागाचा आवाज

सोलापूर,
मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

मल्लेश अण्णाला चंद्रीचा नमस्कार.

अम्मा बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून तिच्याकडून भिवंडीचा पत्ता घेऊन लिहितेय. पोस्टमनवर तरी चिडू नकोस.

बातमी ऐक. आपल्या टॉवेल कारखान्यात शनिवार-रविवार हॅकेथॉन झाली. दोन दिवस माग बंद. ऑफिसवाले, रंगारी, विणकर सगळ्यांनी टोळ्या करून काहीतरी नवीन बनवून दाखवायचं. अण्णा, बंद मागांची शेड कधी पाहिलीस का रे? उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना घाईच नव्हती. मी तुझ्या मागापाशी जाऊन बसले, डोळे मिटले, तर माग कानात आपोआप चालू झाला की! खटक-खटक, खटक-खटक, आणि मधेच तो जड ठोका. वाटलं, तू इथंच कुठंतरी हात पुसत उभा आहेस. लई वेळ डोळे उघडलेच नाहीत मी.

आमची टोळी पहिली आली. आमचा मोबाइल मागाचा आवाज ऐकतो आणि धागा तुटायच्या आधी शिट्टी मारतो. हो, तुझीच ती कल्पना. तुझ्या जुन्या मोबाइलमधली 'बरा माग', 'आजारी माग' ही रेकॉर्डिंगं मी कॉम्प्युटरवाल्या अनीशला दिली. शेवटी एक माग चालू केला. शिट्टी वाजली, माग थांबवला, तर धागा खरंच झिजलेला! टाळ्याच टाळ्या.

अर्जात 'कल्पना कोणाची' यापुढं कामगार नंबर लागतो. तुझा रद्द झालेला, म्हणून मी माझा घातला. छे, नंबराचं निमित्त रे. मला त्या टाळ्या हव्या होत्या.

आणि एका रेकॉर्डिंगमध्ये आपले मागदुरुस्तीवाले जॉबर हसतायत, "मागाला ताप आलाय म्हणे!" त्यांच्यापेक्षा मोठ्यानं कोण हसतंय, ते तुला माहीत आहे. जॉबरमुळं तू कारखाना सोडलास, असं मी दोन वर्षं अम्मालासुद्धा सांगत आले.

आज मालकांना खरं काय ते सांगितलं, बक्षीस परत दिलं. ते म्हणाले, "त्यालाच बोलवा, ही शिट्टी चाळीस मागांवर बसवू." मी म्हटलं, तुमचं तुम्ही कळवा.

रविवारी मी येतेय. कारखान्याचा निरोप घेऊन नाही, माफी मागायला. बोलू नकोस हवं तर. दार तेवढं उघड.

तुझ्यावर हसलेली,
चंद्री