अंगठ्याच्या नखाची साक्ष

प्रिय दक्षा,

तुझ्या संशोधनाचा निधी चालू ठेवायचा की बंद करायचा ते गुरुवारी ठरणार, हे तू फोनवर रडत सांगितलंस, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. पण आधी आनंदाची बातमी ऐक.

चिमणशेठच्या वाडीत तू बनवून ठेवून गेलेलं चिकू निवडायचं यंत्र आम्ही सुरू केलं. म्हणजे माझ्यासोबत निवडायला बसणाऱ्या चंद्रिकाने केलं, मी लांबूनच बघत होते. इतकी वर्षं आम्ही पाच जणी दिवसभर अंगठ्याच्या नखाने साल खरवडत बसायचो. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. तेवढंच काम आता दोघी जेवणाआधी उरकतात, आणि फळाला ओरखडासुद्धा नाही. उरलेल्या तिघींना घरी बसवतील असं मी धरूनच चालले होते. झालं उलटंच! पूर्वी आमची निवड होईतो कितीतरी फळ मऊ पडून वाया जायचं. आता त्याच्या चकत्या करून आम्ही तिघी वाळवतो. शेठ तर तलासरीहून आणखी दोघी आणा म्हणतोय. चंद्रिकाने यंत्राला हळदकुंकू लावलं. आणि माझं नख तीस वर्षांत पहिल्यांदा वाढलंय गं. रविवारी डहाणू रोडला जाऊन लाल रंग आणला नि लावला. हसू नकोस.

आता मन घट्ट करून लिहिते. पहिल्या चाचणीला तू माझ्याकडून दोन पाट्या निवडून घेतल्यास, एक कच्च्या चिकूंची, एक तयार चिकूंची. मी दोन्हींत मुद्दाम भेसळ केली. आम्हा पाच जणींच्या कामाची भीती वाटली मला. तुझ्या यंत्राने कच्च्याला कच्चाच म्हटलं, पण जमनाबाईचं नख चुकायचं नाही, असं म्हणून तुम्ही सगळ्यांनी यंत्रालाच नापास केलंत. तुझा पडलेला चेहरा बघूनही मी गप्प राहिले. विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे सगळं कबूल करून आले, पण तिला काही तुझ्या मिटिंगला येता यायचं नाही. म्हणून हे पत्र. गुरुवारी साहेबांसमोर मोठ्याने वाच, माझं नाव झाकू नकोस. पटलं नाही तर त्यांना सांग, आई दोन पाट्या घेऊन स्वतः येईल. या वेळी खऱ्या निवडलेल्या.

तुझीच,
रंगवलेल्या नखाची आई,
जमना