एका व्युत्पत्तीची कबुली

श्री. मी त्र्यंबक हरी वझे, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वी ठाणे जिल्हा कोर्टात भाषांतरकार, हल्ली पेन्शनर, राहणार पारनाका, कल्याण, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय व सकाळचे पोहे यथास्थित खाऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसा जे :

कलम १. राहते घर पत्नी सखुबाईचे, तिच्या मागे चिरंजीव आनंदाचे. तिने हवी ती भिंत पाडावी, कोणी मध्ये बोलू नये. चाळीस वर्षे तिने माझी बडबड ऐकली आहे.

कलम २. चुलतभाऊ रघु याने नऊ वर्षांपूर्वी नेलेली माझी छत्री त्यालाच दिली. आता आमच्या दारावरून जाताना ती लपवू नये.

कलम ३. लॅटिन कोश. यास खुलासा लागतो. मिठागराच्या एका दाव्यात जज्जसाहेबांनी निकालात साक्षीदाराविषयी 'टर्जिव्हर्सेशन' असा शब्द घातला. मी ठासून सांगितले, हा आपला संस्कृत 'तर्ज्' धातू, धमकावणे, त्यापुढे 'वर्षाव', म्हणजे धमक्यांचा पाऊस. तेव्हा प्रत्येक इंग्रजी शब्द मला आपल्याच घरचा वाटे. शेजारच्या मेजावरचे इनास परेरा पाद्रींकडे लॅटिन शिकलेले. हळूच म्हणाले, "पंत, 'टेर्गुम' म्हणजे पाठ, 'वेर्सारे' म्हणजे फिरवत राहणं. साक्षीदार टाळाटाळ करतोय, एवढंच." मी भर कचेरीत ओरडलो, "तुमचं लॅटिन तुमच्या देवळात ठेवा!" त्यावर चौदा वर्षे आमचे बोलणे बंद. पुढे लिलावात हा कोश घेतला, घरी येताच तो शब्द पाहिला. इनास बरोबर होते, मी गाढव. सहा वर्षे हे गिळून बसलो, याची लाज वाटते. कोश इनास यांस द्यावा. त्यांनी मला माफ करावे, दुसरी इच्छा नाही.

कलम ४. वरील मजकूर दाखवण्यास इनास यांना चिठ्ठी धाडली. आज ते ठाण्याहून आले. वाचताना इतके हसले की ठसका लागला, सखुबाईने पाणी आणले. मग म्हणाले, "साक्षीदाराची सही मी करणार."

वकील अण्णा भागवत उठलेच. "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही! कोश जाईल हातचा."

"जाऊ दे की. तो इथं राहिला तर मला दर रविवारी यावं लागेल." मग माझ्याकडे वळून, "आणि पंत, मरायची घाई करू नका. कोशात अजून 'ए'पासून सगळं वाचायचं बाकी आहे."

सबब कोश माझ्याच फडताळात राहील. मला फार फार आनंद झाला आहे.

कल्याण, रविवार, ता. ३ फेब्रुवारी १८८९, माघ शके १८१०.

सही : त्र्यंबक हरी वझे, दस्तुरखुद्द

साक्षी :
१. अण्णा भागवत, वकील. (नाइलाजाने.)
२. इनास परेरा, ठाणे. माफ केले. पुढल्या रविवारी दहाच्या गाडीने येतो.