जुना नंबर चालू आहे

सीब शहरातल्या घरातून निघताना जमिलाला हसू आवरत नव्हतं. नवरा, सादिक, अजून दुकानातून यायचा होता. फोनवर सांगितलं तर तो ऐकून घेण्याआधीच चिडेल, म्हणून तिने जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी लिहून ठेवली.

रय्यानचे अब्बा,

मी गाडी घेऊन अल् खुवैरला जाते आहे, रय्यानला आणायला. तो बरा आहे. इतके दिवस मित्राच्या खोलीवर होता.

तुम्ही कॅशबॅकच्या वेबसाइटवरून आपली मोबाइलची कॉन्ट्रॅक्टं घेतलीत, तेव्हा ऑफर फक्त नव्या नंबरांवर होती. "जुने नंबर बंद पडले तर पडू देत, खलास," म्हणालात. कॅशबॅक जमा झाल्यावर माझा वाटा मला दिलात. त्यातूनच मी माझ्या जुन्या नंबरावर गुपचूप रिचार्ज टाकत राहिले. रय्यान त्याआधीच तुमच्याशी भांडून गेला होता, तेव्हापासून त्याचा फोन बंद होता, आणि त्याच्याकडे माझा तेवढाच नंबर होता.

आज दुपारी तो नंबर वाजला. "अम्मी, मला वाटलं हा आता लागणार नाही," म्हणाला.  मग त्याने विचारलं, "घरी येऊ?" तुम्हाला न विचारताच मी हो म्हटलं.

सालन फ्रिजमध्ये आहे. भात तिघांपुरता लावा.

किल्ली माझ्याजवळ आहे, तरी मी बेल वाजवीन. दार तुम्ही उघडा.

जमिला