तळ किंचित गरमच राहतो

३ मार्च, सातारा
सापडलं! माझ्या गाईडच्या, उदयसिंह सरांच्या समीकरणात गुरुत्वाचं पद गायब आहे. त्यावरच माझा अख्खा प्रबंध उभा. चार वर्षं!
सरांचं म्हणणं — ताऱ्याच्या पोटातल्या द्रवात वर-खाली तापमान सारखं झालं, की उष्णता वाहायची थांबते. चूक! सापेक्षतेत उष्णतेलाही वजन असतं. सगळं शांत झालं तरी तळ किंचित गरमच राहतो. आणि तरीही उष्णता वर सरकत नाही.

४ मार्च
चारदा तपासलं. बिरोबा, माझीच चूक निघू दे!
निघाली नाही.

६ मार्च
सर एकतीसला निवृत्त होणार. त्याआधी प्रबंधावर त्यांची सही हवी. आज सत्काराची पत्रिका आली — तिच्यावर तेच समीकरण छापलंय! सांगितलं तर सही गेली. नाही सांगितलं तर जन्मभर खोटी डॉक्टर.
जतहून आईचा फोन. "आवाज का पडलाय गं? मेंढरं इकून शिकवली ती अशी भ्यायला व्हय?" तिला काय सांगू!
मग माया मॅडमना फोन लावला. अकरावीला फिजिक्स त्यांनीच शिकवलं, हट्टानं सरांकडे त्यांनीच पाठवलं. सगळं सांगितलं. त्यांनी ते पद मला दोनदा वाचायला लावलं. मग एवढंच — "सांग त्यांना. पण तोंडी नको. कागद पुढ्यात ठेव, आणि एक प्रत स्वतःकडे ठेव."
प्रत कशाला? आणखीनच भीती वाटली.

९ मार्च
दुरुस्त प्रकरण लिहून झालं. सरांच्या दारापर्यंत गेले. परत आले. भित्री मेली!

११ मार्च
ठेवला कागद. सरांनी चष्मा लावला. त्या पदापाशी बोट थांबलं.
"कुणी सांगितलं तुला हे?"
"मीच काढलं, सर."
"उद्या ये. दार लोटून घे."
सहीचं नावच नाही! जिन्यात बसून रडले. संपलं सगळं. आईला कुठल्या तोंडानं सांगू?

१२ मार्च
सरांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. पिवळे कागद. तेच पद, तीच मांडणी. समासात लाल शाईनं सरांचा शेरा — 'गणित कच्चे. संशोधन सोडावे.'
"वीस वर्षं झाली," सर म्हणाले. "तिचं बरोबर होतं. मी भ्यालो."
नाव वाचायची गरजच पडली नाही. हे अक्षर अकरावीत रोज फळ्यावर बघायचे.
सर पेन उघडून बसले होते. "सही करतो. आधी मायाचा नंबर दे."