शेवटच्या फळीचे स्क्रू

औराद, रविवार संध्याकाळ

अंगणातला कॉम्पोझिट डेक, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या फळ्यांचा नवा ओटा, जवळपास झाला. मिस्त्रीने फळ्या धरणाऱ्या क्लिपा फटींत दडवल्या. फळ्यांवर स्क्रू दिसत नाहीत. अप्पा अनवाणी, पायाने चाचपत फिरत होते.

"स्क्रू कुठं हायत?"

"लपवलेत, अप्पा."

"कामून? चोरीचे हायत का?"

हसलो. मग आठवलं. इथला फळ्यांचा जुना ओटा त्यांनीच केला होता. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका दिशेला. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो. नजर गेल्यावर अप्पा पायाने स्क्रू चाचपत कडेला येऊन बसायचे. तो ओटा मीच काढायला लावला. एवढं कसं सुचलं नाही?

कडेच्या फळीला मात्र वरून स्क्रू मारलेत. ते झाकायला मिस्त्री भोकांत बुचं बसवणार होता. नको म्हटलं.

अप्पांच्या पायाचा अंगठा तिथे थांबला. "हितं हाय कड," म्हणाले, आणि बसले.